ठमीच्या ओच्यातले तांदूळ

"माझ्या आईनं जीव दिला की नाही, एवढंच मला शोधून द्या," हर्षदा म्हणाली.

किर्ती राऊतनं उठून खिडकी लावली. उल्हासनगरातलं तिचं खाजगी चौकशीचं ऑफिस जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खालची मशीनं चालू असली की अशिलांना प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागे. हे वाक्य कुणाला दोनदा बोलायला लावणं बरं नव्हतं.

"कधीची गोष्ट?"

"मी सव्वा महिन्याची होते तेव्हाची. आता मला पंचेचाळीस चालू आहे."

कोपऱ्यात राजू आहुजानं चहाचा कप खाली ठेवला. राजूशेठचं फर्निचरचं दुकान आता मुलं चालवत होती आणि घरी बसणं त्याला जमत नव्हतं. गाडी त्याची आणि डोकं किर्तीचं, अशी दोघांची वाटणी होती. त्याला ती मान्य होती.

"ताई, पंचेचाळीस साल जुनी केस?" तो म्हणाला. "अब कौन बचा होगा?"

"बोलू दे त्यांना, राजूशेठ."

हर्षदा अंबरनाथ पश्चिमेला राहत होती. माहेर बदलापूरच्या पुढे, बारवीच्या बाजूच्या एका वाडीत. तिची आई ठमी विहिरीत गेली, असं तिला कळायला लागल्यापासून सांगितलेलं होतं. वडिलांची आई तर सरळ म्हणायची, तुला बघून गेली. मुलगी झाली म्हणून गेली.

"हे ऐकत मी मोठी झाले. सवय झाली होती. पण आता माझी शलाका बाळंतपणाला आली आहे. मुलगीच झाली. तेव्हापासून पोरगी जेवत नाही, बोलत नाही, बाळाला घेत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणी बाळंतपणानंतर जीव दिला होता का? मी गप्प बसले. शलाका म्हणाली, हो, आजीनं. आणि घरी आल्यावर म्हणाली, आई, हे माझ्या रक्तातच आहे." हर्षदानं टेबलाची कड धरली. "मला खरं काय ते पाहिजे. खरंच तसं असेल तर तेही चालेल. पण नुसत्या ऐकीव गोष्टीवर माझी पोरगी जायला नको."

किर्तीनं तिला पाणी दिलं.

"कागद शोधलेत?"

"सगळीकडे. बदलापूरच्या पोलीस ठाण्यात गेले. मग कुणी म्हणालं, तेव्हा अंबरनाथ तालुका वेगळा नव्हता, उल्हासनगरच्या तहसिलीत बघा. तिथेही गेले. विहिरीतल्या मृत्यूचा पंचनामा कुठेच नाही."

"आईला अग्नी कुठे दिला?"

हर्षदा गोंधळली. "मुंबईला, असं म्हणतात. बाबा राख घेऊन आले."

"विहिरीत गेलेलं माणूस जाळायला वाडीतून मुंबईला कुणी नेत नाही," किर्ती म्हणाली. "तुमची आई विहिरीत गेली नाही, हर्षदाताई. विहिरीत पडली असेल, पण गेली मुंबईच्या दवाखान्यात. माणूस जिथे मरतो तिथे चौकशी होते. आणि त्या काळी मुंबईत असा मृत्यू झाला की चौकशीला पोलिसांबरोबर कॉरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी, असायचा. ते पद पुढे बंद झालं. तुम्ही चुकीच्या गावात कागद शोधत होता."

पंचनामा घटना घडली तिथेच असणार, असं धरून चालणारी हर्षदा काही पहिली नव्हती. राजूशेठही तसंच धरून बसला होता. त्यानं ते बोलून दाखवलं नाही.

अर्ज, स्मरणपत्रं आणि हेलपाटे यांत पुष्कळ दिवस गेले. मग एका दप्तरखान्यातून चौकशीची नक्कल हाती आली. किर्तीनं ती टेबलावर पसरली आणि राजूशेठला वाचून दाखवली.

ठमी सखाराम, वय अंदाजे वीस. बेशुद्ध स्थितीत दाखल, शुद्धीवर न येता मृत्यू. अंगावर हिरवं लुगडं. ओच्यात भिजलेले तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि हिरवा खण. पदराच्या गाठीत उकडलेले हरभरे. डाव्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या भरलेल्या, उजव्या हातात दोनच. उजव्या मनगटापासून बोटांपर्यंत ओरखडे, मनगटाशी खोल, बोटांकडे पुसट होत गेलेले. नवऱ्याचा जबाब: बायकोनं उडी मारली असं आईनं सांगितलं, आपण घरी नव्हतो. कॉरोनरचा निष्कर्ष: अपघात, आत्महत्या की घातपात, हे पुराव्यावरून ठरवता येत नाही.

"ओरखडे!" राजूशेठ म्हणाला. "झटापट झाली, ताई. कुणीतरी ढकललं. नवरा नाही तर सासू. लड़की हुई थी ना."

"आणि तांदूळ, हरभरे?"

"गरीब बाई. खेतात जात असेल. टिफिन होगा."

"कच्चे तांदूळ कोण खातं, राजूशेठ?"

किर्तीनं पुढे काही सांगितलं नाही. तिची ती खोड होती आणि राजूशेठला तिचा राग यायचा.

दोघं आधी अंबरनाथला हर्षदाच्या घरी गेली. शलाका आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ बाहेर विठाजवळ होतं. विठा म्हणजे हर्षदाची आत्या, तिच्या वडिलांची, सखाची बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. ठमीमागे हर्षदाला तिनंच वाढवलं, आणि हर्षदा सासरी अंबरनाथला आल्यावर काही वर्षांनी तिनं आत्याला आपल्याकडे आणलं.

विठा बाळासाठी कुंची शिवत बसली होती. उजव्या हातात सुई होती. दोरा दातानं तोडायला तिनं तोच हात वर केला तेव्हा तळव्यावर, बोटांच्या मुळाशी बारीक पांढरे व्रण दिसले.

"हाताला काय झालं होतं, आत्या?" किर्तीनं सहज विचारलं.

"इळा लागला. भात कापताना. लई जुनं हाय ते."

"ठमीबाई गेल्या त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

सुई थांबली. "खल्यावर. झोडणी चालली व्हती. समदीच तिथं व्हती."

"तिचा स्वभाव कसा होता?"

"हसरी व्हती." विठानं मान खाली घातली. "आता त्याचं काय, बाय? गेली ती गेली. नका पोरीला तरास देऊ."

निघताना विठानं किर्तीच्या कपाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचे मालक?"

"बारा वर्षं झाली."

"मंग तुमाला ठावं असंल," एवढंच विठा म्हणाली. नवरा गेल्यापासून शेजारणींचं हळदीकुंकवाचं बोलावणं किर्तीला येत नसे. तेवढ्या चकल्या खायच्या वाचल्या, असं ती लोकांना हसून सांगायची. विठापुढे तिला ते हसणं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजूशेठची गाडी बारवीच्या रस्त्याला लागली. हर्षदाचे वडील सखा वाडीत एकटेच राहत होते. त्यांनी पाहुण्यांना बसायला घोंगडी टाकली, पण चेहऱ्यावर स्वागत नव्हतं.

"जुनं उकरून कुनाचं भलं व्हनार हाय?"

"तुमच्या नातीचं," किर्ती म्हणाली.

म्हातारा अंगणाकडे वळला. मग त्यानं सांगितलं. तो त्या दिवशी भात घेऊन बदलापूरला गेला होता. परत आला तर ठमीला जीपमध्ये घालून नेलेलं. उल्हासनगरच्या दवाखान्यानं मुंबईला पाठवलं. तिथं ती गेली.

"तुमच्या आई तेव्हा कुठे होत्या?"

"घरात. पोरीजवल." हे त्यानं फार घाईनं सांगितलं.

"सव्वा महिना झाला होता. जळ पुजायचं राहिलं होतं का?"

सखानं चमकून पाहिलं. "आईनं नाय म्हनून सांगितलं. पोरीसाठी कसली पूजा, पोरगा झाला का करू. ठमी दोन दिवस रडत व्हती."

"ताई, जळ पुजणं म्हणजे?" राजूशेठनं हळूच विचारलं.

"बाळंतीण सव्वा महिन्यानं विहिरीवर जाते. काठावर पाच खडे मांडून पाण्याची पूजा करते, बाळाला आयुष्य मागते. तोवर तिनं विहिरीला शिवायचं नसतं."

"आमच्याकडे पण पाण्याला पूजतात," राजूशेठ म्हणाला. त्याच्या मनात सासू आता पक्की बसली होती. सखाच्या डोळ्यांत जी भीती होती, ती त्यानंही पाहिली होती.

हिंदुराव त्या वेळी वाडीचा पोलीस पाटील होता. आता नव्वदीच्या घरात, पण आवाज अजून पाटलाचाच.

"उडी मारली. यात विचारायचं काय? सासूनं सांगितलं, मी वर कळवलं."

"विहिरीचा कठडा कसा होता?"

म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. "एका अंगाला पडलेला. बांधायचा व्हता."

"कुणी बांधायचा होता?"

"मी. पैसे आलेले. कापनी झाल्यावर बांधनार व्हतो."

"काठावर काही दिसलं?"

"पाच खडे, हळदीकुकू, इझलेली पनती. इहिरीवर असतंयच ते. बायका करतात काहीबाही."

"त्या दिवशी कोणत्या बायका गेल्या होत्या?"

"कोनीच नाय. वाडीतल्या समद्या सवाष्णी माझ्या खल्यावर व्हत्या सकालपासून. माझी बायको त्यांना भाकऱ्या वाढत व्हती. तेवढ्यात विठा वरडत आली खल्याकडं, ठमी इहिरीत पडली म्हनून. मंग आमी दोर घेऊन पलालो."

"पडली म्हणाली?"

"हां." हिंदुरावानं डोळे मिटले. "पडली असंच म्हनाली. मागनं तिच्या आईनं सांगितलं, उडी मारली. मला काय, तेच बरं पडलं."

परतीच्या वाटेवर राजूशेठ आपलं गणित मांडत राहिला. सासू घरातून विहिरीवर गेली, सुनेला ढकललं, परत घरात. किर्ती खिडकीतून बाहेर पाहत होती.

"शेठ, उद्या सखाबाबांना अंबरनाथला घेऊन या. सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षदाच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. सखा खुर्चीत अवघडून बसला होता, विठा खाली, भिंतीला टेकून. शलाका यायला तयार नव्हती. हर्षदानं तिला हाताला धरून आणलं आणि ती दाराशीच बसली. बाळ मध्ये चटईवर झोपलं होतं.

"ठमीबाईंनी जीव दिला नाही," किर्ती म्हणाली. "आधी तेवढं सांगते. बाकीचं त्यानंतर."

शलाकानं मान वर केली.

"कॉरोनरच्या कागदात लिहिलंय, ओच्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड, खण. लिहिणारा शहरातला होता. त्यानं दिसलं ते लिहिलं, त्याचा अर्थ विचारला नाही. ही भरलेली ओटी आहे. पदरात हरभऱ्याच्या घुगऱ्या होत्या. जळ पुजून आल्यावर त्या पोरांना वाटतात. जीव द्यायला निघालेली बाई परत येऊन वाटायचा प्रसाद गाठीला बांधत नाही. काठावर पाच खडे आणि पणती होती, हे हिंदुरावांनी पाहिलं. सासूबाईंनी मुलीसाठी पूजा नाकारली, म्हणून ठमीबाई ती लपून करायला गेल्या."

हर्षदानं स्वतःकडे बोट केलं. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच."

सखा म्हणाला, "आनि ते वरखडे? मुंबईच्या पोलिसांनी मला लई विचारलं त्यावरनं."

"तुम्हाला इतकी वर्षं वाटत आलं की तुमच्या आईनं ढकललं."

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते उत्तरच होतं.

"तसं झालं नाही, बाबा. ढकलणारा माणूस हात सोडून देतो. हे ओरखडे मनगटाशी खोल आहेत आणि बोटांपर्यंत पुसट होत गेलेत. म्हणजे कुणीतरी मनगट घट्ट धरलं होतं आणि तो हात त्या मुठीतून निसटत खाली गेला. उजव्या हातातल्या बांगड्या त्या मुठीत फुटल्या. तिथे दुसरं माणूस होतं आणि ते ठमीबाईंना वर ओढत होतं."

"पण कोण?" राजूशेठनं विचारलं. "सगळ्या बायका तर खळ्यावर."

"ओटी स्वतःची स्वतः भरता येत नाही, शेठ. ती दुसरीनं भरायची असते, आणि सवाष्णीनं. वाडीतल्या सगळ्या सवाष्णी हिंदुरावांच्या डोळ्यांसमोर होत्या. सासूबाई पूजेच्या विरोधात, त्या ओटी भरणार नाहीत. मग उरतं एकच माणूस. जिनं मला सांगितलं, मी खळ्यावर होते. आणि हिंदुरावांनी सांगितलं की ती खळ्याकडे ओरडत आली."

कुणीच विठाकडे पाहिलं नाही. विठानंच हात मांडीवर उघडा ठेवला.

"विळा उजव्या हातात धरतात, आत्या," किर्ती हळू म्हणाली. "लागला तर डाव्या हाताला लागतो. तुम्ही सुई उजव्या हातानं धरता. तो तळवा विळ्यानं कापलेला नाही. त्यात काच गेली होती."

विठानं बोटं मिटून घेतली.

"मी नाय म्हनत व्हते," विठा म्हणाली. "मी रांडमुंड, माझ्या हातनं ओटी कशी भरायची? ती म्हनाली, वन्सं, दुसरं कोन हाय मला? पोरीचं जळ पुजायचं राहिलं तर मला झोप लागायची नाय. मंग मी भरली. पूजा झाली. पाणी घ्यायला वाकली आनि तिला भोवळ आली. कठडा नव्हता तिथं. मी हात धरला, बाय. लई धरला. रगत आलं आनि हात बुळबुळीत झाला."

हर्षदा तिच्याकडे सरकली होती.

"आईनं माझा हात बघितला नि वळखलं. म्हनाली, विधवेनं ओटी भरली नि बाळंतीण मेली, हे कळलं तर वाडी तुला उभी करायची नाय. मंग ही पोर कोन बघंल? उडी मारली म्हन. मी गप बसले. पुढं आई तुला बोलायची, तुला बघून गेली म्हनून, तवाबी मी गप बसले. तेच माजं पाप हाय. आनि माझा हात लागला म्हनून ती गेली, ते दुसरं."

"नाही," किर्ती म्हणाली. एवढ्या दिवसांत राजूशेठनं तिचा आवाज असा ऐकला नव्हता. "कठडा नव्हता म्हणून गेली. अशक्त होती म्हणून गेली. तुमच्या हातानं तिला धरलं होतं. त्या दिवशी तिच्या बाजूनं तेवढा एकच हात होता. तुमच्या आईनं तुम्हाला वाचवलं आणि सगळं ओझं या पोरीवर टाकलं. आत्महत्या सगळ्यांच्या सोयीची होती, पाटलांच्यासुद्धा. हर्षदाताई सोडून."

सखा रडत होता. आपल्या आईवर घेतलेला पंचेचाळीस वर्षांचा संशय उतरत होता, आणि तिला खरंच माफ करता येऊ नये असं दुसरंच काही, पोरीवर टाकलेलं ते खोटं, समोर आलं होतं.

किर्ती शलाकाकडे वळली. "तुझ्या रक्तात तसलं काही आलेलं नाही. पण तुला बरं वाटत नाही हे खरं आहे, आणि त्याला औषध आहे. ते मात्र थांबवायचं नाही."

शलाका विठाकडे पाहत होती. कितीतरी दिवसांनी तिनं आपणहून कुणाला काही विचारलं.

"आत्याआजी, तिनं मागितलं काय पाण्याजवळ?"

विठानं पदरानं तोंड पुसलं. "काय मागनार? ती म्हनाली, हिला नको म्हननारे लई हायेत. माझ्या वाटचं आयुष्य हिला दे."

हर्षदानं आत्याच्या मांडीत डोकं घातलं आणि ती लहान पोरीसारखी मोठ्यानं रडली. आईसाठी ती जन्मात पहिल्यांदा रडत होती. आजवर तिला आईचा रागच येत आला होता. विठा तिच्या केसांवरून तो उजवा हात फिरवत राहिली.

चटईवरचं बाळ आवाजानं जागं झालं आणि कुरकुरू लागलं. राजूशेठ उठू पाहत होता, किर्तीनं त्याला खुणेनं खाली बसवलं.

शलाका दारापासून उठली. चटईशी येऊन ती थोडा वेळ नुसती बघत उभी राहिली, मग खाली बसली आणि तिनं बाळाला उचलून घेतलं.

"आई," ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना फोन लाव. मी बोलते."